गडग्याची रीत पाण्यात चालते, आबा

आबा,
साष्टांग नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. ते सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही मला गडगा, म्हणजे चुन्या-सिमेंटाशिवायची दगडी भिंत, रचताना जे शिकवलंत ते घरी माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी उभी करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. आणि ते कुठून आलं हेही त्यांना कळायला हवं.

गेल्या आठवड्यात माझ्या टाकीतल्या गोबी नावाच्या पिवळ्या माशाने आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या कोळंबीने दगडांच्या मधल्या कमानीखाली नवं बीळ काढलं. कोळंबी दिवसभर उकरते आणि गोबी तोंडाशी पहारा देते. रात्री टॉर्च लावून बघितलं, तर पायाच्या दगडाच्या एका बाजूची सगळी वाळू उपसलेली होती. खालची जाळी उघडी पडली होती, पण दगड तसूभरही सरकला नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो आणि मनात तुम्हाला नमस्कार केला. पत्र लिहायचं तेव्हाच ठरलं.

पहिल्या टाकीची गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिलिमीटरची काच. मी आधी दोन इंच वाळू पसरली आणि तिच्यावर विकत आणलेले सुके दगड रचले. दिसायला सुंदर होतं. जुलै २०२३ मध्ये एका रात्री धप्प असा आवाज आला. कोळंबीने खालची वाळू काढली होती आणि वरचा दगड गडगडत पुढच्या काचेवर आला होता. काच फुटली नाही, वीतभर ओरखडा राहिला. पण एक गोबी दगडाखाली सापडली. ती मी आणलेला पहिला समुद्री मासा होती. तिला बाहेर काढताना माझे हात थरथरत होते, आणि चूक तिची नव्हती, माझी होती.

नंतर ज्याला त्याला विचारलं. प्रत्येकाने कुठला गोंद वापरायचा ते सांगितलं.

गणपतीला गावी आलो तेव्हा तुम्ही परड्यामागचा पावसात ढासळलेला गडगा पुन्हा रचत होता. मी फोनमधला फोटो दाखवला. तुम्ही तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलात आणि एवढंच विचारलंत, "रेवेर कित्याक ठेवलंस?" वाळूवर का ठेवलास. दीड वर्ष मी वाचत होतो, व्हिडिओ बघत होतो, पण हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

मग चार दिवस तुमच्या हाताखाली गडगा रचला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पाया रुंद, माथा अरुंद. दगडाची लांबी भिंतीच्या आत घ्यायची, बाहेर मिरवायची नाही. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या दगडाचं पोट यायला हवं, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच उकलते. फट राहिली तर कपची ठोकायची, पण दगड कपचीवर तोलायचा नाही. तुम्ही विचारलंत, चुलीला तीनच दगड का? तीन ठिकाणी टेकलेली वस्तू डुगडुगत नाही, चौथा टेकू आला की डुगडुगते. दगड हातात फिरवत राहायचं, त्याचे तीन टेकू सापडेपर्यंत. "दगडाक घाई नसता, तुका कित्याक?" हे तुम्ही मला दिवसातून दहा वेळा ऐकवलंत.

आणखी एक गोष्ट तिथेच समजली. सिमेंटने बांधलेल्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत, तर पावसाळ्यात मागचं पाणी साचून ती फुगते. गडग्यातून पाणी वाहून जातं, म्हणून तो टिकतो. टाकीतही तसंच आहे. दगडांच्या आतून पाणी खेळलं, तर घाण साचत नाही आणि दगडाच्या छिद्रांत राहणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळतो. माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे तेच जिवाणू. त्यांच्यावर सगळी टाकी जगते. माझा पहिला ढीग इतका गच्च होता की मधलं पाणी हलतच नव्हतं. म्हणजे तो पडला नसता, तरी आतून कुजलाच असता.

दगड घरीच करायचे हेही तुमच्याच खळ्यात ठरलं. समुद्रातून उचललेला दगड किंवा प्रवाळ मला नकोच होतं. दगडासारखं शरीर बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. पण कायदा नसता तरी मालवणच्या पाण्याखाली एकदा डोकं घालून आलेल्या माणसाला ती तोडून आणावीशी वाटणार नाहीत. जांभा वापरू का, म्हणून मी विचारलं होतं. तो लोहाने भरलेला, ठिसूळ, पाण्यात सुटत जाणारा, म्हणून तुम्हीच नको म्हणालात. पूर्वी शिंपल्या भाजून चुना करायचे, हे सांगता सांगता तुम्ही आजींना हाक मारलीत, आणि त्यांनी माडाखाली टाकलेल्या कालवांच्या शिंपल्या दोन घमेली भरून दिल्या. आजी, त्याबद्दल तुमचेही आभार. त्या शिंपल्या तुम्ही तीन पाण्यांतून धुऊन दिल्या होत्या, मी सांगितलं नसतानाही.

दिवाळीला येऊन आपण दगड ओतले. एक भाग सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ, पाणी अगदी बेताचं. ओल्या वाळूत हाताने खड्डे करून तेच साचे. मीठ नंतर विरघळतं आणि दगडात पोकळ्या राहतात. तुम्ही बांधकामाला पाणी मारायच्या सवयीने आठ-दहा दिवस धरले होते. मला माशांसाठी दगड पिंपातल्या पाण्यात आठ आठवडे बुडवून ठेवावे लागले, कारण नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो. पहिल्या आठवड्यात पिंपातल्या पाण्याचा पीएच ११ च्या वर होता. पाणी दर आठवड्याला तुम्ही बदललंत, मी ठाण्यात बसून फक्त फोन करत होतो. पाण्यात हात घातला की कातडी चरचरते का, यावरून तुम्ही अंदाज सांगायचात. मी पट्टीने मोजला तेव्हा पीएच ८.३ आला होता, म्हणजे जवळपास समुद्राचाच.

जानेवारीत तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला आलात, आणि येताना एसटीतून दगडांची गोणीही. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तुम्ही टाकीसमोर खुर्चीत बसलात आणि मी तुमचे हात झालो. तो अख्खा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. एका डोळ्यावर पट्टी होती, आणि दुसरा डोळाही तुम्ही अधूनमधून मिटत होतात. मी दगड ठेवायचो, तुम्ही हात लांब करून त्याला बोटाने दाबायचात. "हलता." मी काढायचो, फिरवायचो, पुन्हा ठेवायचो. "हलता." पायाचे दोनच दगड बसवायला दुपार झाली.

ते रिकाम्या टाकीच्या तळावर बसवले, मध्ये फक्त प्लास्टिकची जाळी, म्हणजे टोकाचा भार काचेच्या एकाच बिंदूवर येऊ नये. वाळू सर्वांत शेवटी, दगडांच्या भोवती. पुढच्या काचेपासून चार बोटं अंतर, मागेही हात फिरेल एवढी जागा, काचेला टेकलेला एकही दगड नाही. कमानीला खुंटी हवी म्हणून तुम्ही सळई मागितलीत. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, आणि तांब्याचा अंशही कोळंबीला मारतो, म्हणून मी ८ मिलिमीटरच्या फायबरग्लासच्या कांड्या आणल्या होत्या. तुम्ही एक कांडी गुडघ्यावर वाकवून बघितलीत आणि मान डोलावलीत. भोकं पाडून खुंट्या घातल्या, फटीत एपॉक्सी पुट्टी भरली. पण पुट्टी लावण्याआधी तुम्ही सगळी कमान कोरडी उभी करायला लावलीत आणि टेबलाला धक्का द्यायला सांगितलात. उभी राहिली, मगच पुट्टी.

विहिरी बांधलेल्या माणसाचं शहाणपण तेव्हा दिसलं. मला वाटत होतं, जड दगड म्हणजे पक्का दगड. तुम्ही म्हणालात, "पाण्यात दगड हलको जाता." मासे तोलायच्या ताणकाट्याला आपण एक दगड बांधला. हवेत सहा किलो, बादलीत बुडवल्यावर साडेतीनच्या आसपास. म्हणजे कोरड्यात ज्या वजनाच्या जोरावर रचना उभी दिसते, त्यातलं जवळपास निम्मं पाणी भरताच जातं. म्हणून वजनावर नाही, टेकूवर विसंबायचं. हे मी कुठल्याच पुस्तकात अशा रीतीने वाचलं नव्हतं.

माझ्या आवडीचा तो उंच, सुळक्यासारखा दगड सर्वांत वर बसवायचा होता. तुम्ही तीनदा दाबून बघितलात आणि काढायला सांगितलात. मी हट्ट धरला. तुम्ही रागावला नाहीत. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगितलंत, तटावर काय ओतलं ते कुणी सांगतं का, म्हणून विचारलंत. तो सुळका आता आमच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीजवळ आहे.

पुढचं तुम्हाला फोनवर सांगितलंच. आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, सहा आठवडे एकही मासा नाही, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर दोन क्लाउनफिश, मग गोबी आणि तिची कोळंबी. उन्हाळ्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावं लागलं. सिमेंटचे करडे दगड आता ओळखू येत नाहीत. त्यांच्यावर जांभळट गुलाबी शैवालाचा कठीण थर चढतोय, आणि शिंपल्यांचे तुकडे जिथे बाहेर डोकावत होते, तिथे बारीक नळीतले किडे पंखे उघडून बसतात.

मजुरीचं विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत आणि विषय बदललात. मला तेव्हा नीट आभारही मानता आले नाहीत, घसा भरून आला होता. आबा, तुम्ही माझा एक छंद सावरलात असं लोक म्हणतील. मला मात्र ती पहिली गोबी आठवते, आणि आज त्याच जागी बीळ करून राहिलेली ही दुसरी. ही सुरक्षित आहे ती तुमच्या बोटांमुळे. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पौषात मिळतेय असं नात म्हणाली. मी स्टेशनवर घ्यायला येईन. खुर्ची टाकीसमोरच ठेवली आहे. या वेळी दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि पाणी भरलेलं असलं तरी बाही वर करून तो मधला दगड एकदा दाबून बघा.

तुमचा,
वरच्या घरातला झील