‘उरलं फक्त रंगकाम’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत प्लास्टिकचं लढाऊ विमान किटमधून कसं जोडावं यावर लेख आला होता. लेख आवडीनं लिहिलेला होता, म्हणून आधी गप्प बसले. मग माझ्या भाचीचा बारा वर्षांचा मुलगा तो लेख घडी करून खिशात घालून आणि विमान बुटांच्या खोक्यात घालून माझ्याकडे आला. खोकं उघडलं आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

मी निवृत्त दंतवैद्य आहे. तेहतीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काढली. आता टेबलावर वाकते. आतापर्यंत अकरा विमानं झाली आणि त्यातली चार बघण्यासारखी आहेत. तेव्हा जाणकार म्हणून नव्हे, चुका करून बसलेली बाई म्हणून लिहिते आहे.

लेखात भाग कापणं, चिकटवणं, चाकं बसवणं यावर दोन रकाने आहेत. शेवटी मात्र एवढंच, की सगळं जोडून झाल्यावर उरलं फक्त रंगकाम आणि चित्रं चिकटवणं. मागच्या स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) वेळी माझी जोडणी चार संध्याकाळींत आटोपली होती. त्या ‘फक्त’ला नऊ आठवडे लागले. जोडून झालेलं विमान अजून कारखान्याचंच असतं. जगभर हजारो लोकांनी तेच खोकं उघडून तेच दोन अर्धे एकमेकांना चिकटवलेले असतात. त्याच्या पुढे जे करतो, त्यात बोट कुणाचं ते कळायला लागतं.

स्पिटफायरच्या अंगाचे डावा-उजवा असे दोन अर्धे येतात. ते मिटले की पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत एक शिवण राहते. खऱ्या विमानाला ती नसते. पंख जिथं अंगाला मिळतात तिथं आणखी एक फट. माझं मॉडेल १/४८ मापाचं, म्हणजे खरं ११.२३ मीटर पंखविस्ताराचं विमान इथं साधारण २३.४ सेंटिमीटर झालं. या मापात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटर. त्यात वैमानिकाचा अंगठा गेला असता.

ती फट लांबीनं, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्यानं, भरायची, आणि इथं माझा जुना धंदा उपयोगी पडला. लांबी वाळताना आकसते. दातातलं पांढरं सिमेंटही आकसतं, म्हणून खोल खड्डा आम्ही एका दमात भरत नाही, थर देतो. इथंही तेच. पातळ थर द्यायचा, रात्रभर हात लावायचा नाही, मग दुसरा थर. सकाळी ४००चा पॉलिश पेपर, मग ६००, मग १०००, सगळे पाण्यात बुडवून. ओलं घासलं की प्लास्टिकची पूड हवेत उडत नाही, नाकात जात नाही, आणि कागदही लवकर भरत नाही. मी जुनी दाताची हत्यारं वापरते. कीड शोधायची जी आकडीसारखी टोकदार सळई असते, ती घासताना बुजलेल्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा पुन्हा कोरायला अशी काही चालते की तिचा जन्म त्याचसाठी झाला असावा.

घासून झालं की बोट फिरवून सगळं सपाट वाटतं. वाटू द्या. राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक पातळ हात मारा आणि दिवा तिरका धरा, म्हणजे पाठीवर गेलेली शिवण भुतासारखी परत उभी दिसेल. प्लास्टिक अर्धपारदर्शक, लांबीचा रंग वेगळा, त्यात नजर फसते. एकरंगी थर चढला की लपायला जागा उरत नाही. पहिल्यांदा मी रडकुंडीला आले होते. आता प्रायमर हा रंग नसून तपासणी आहे असं धरून चालते. दोनदा-तीनदा मागे जावं लागतं, आणि लेख वाचणाऱ्या मुलाला हे आधी सांगितलं नाही तर त्याला वाटतं, बिघडलं ते आपल्याच हातून.

आता त्या दोन सूचना, ज्यांच्यासाठी हा खटाटोप.

पहिली म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच ‘सुपर ग्लूच्या एका थेंबानं’ बसवावी, ही. मुलानं अगदी तसंच केलं. सुपर ग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. बंद जागेत तर जास्तच. पोलीस तपासात न दिसणारे बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात, कारण ती बोटाच्या ओलाव्या-तेलकटपणावर चटकन धरते. खोक्यातलं विमान मी दिव्याखाली धरलं, तर काच आतून धुरकटलेली आणि तिच्या मधोमध मुलाच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला, एकेक वळण मोजून घ्यावं असा. तो म्हणाला, “मावशीआजी, पुसून जाईल ना?” बाहेरून असतं तर घासून, चमकवून निभावलं असतं. हे आतून होतं.

काचेला लाकडाला लावतात तो पांढरा गोंद लावावा. ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही आणि चुकलं तर ओल्या फडक्यानं पुसता येतो. पकड बेताचीच असते, पण टेबलावरच्या विमानाला कुठे उडायचंय?

दुसरी सूचना चित्रांची, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या डेकलची. लेख म्हणतो, खरी लढाऊ विमानं चमकत नाहीत, तेव्हा मंद रंग द्या आणि त्यावर डेकल लावा. पहिली गोष्ट खरी, दुसरी घातक. मंद रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, डोळ्यांना दिसत नसला तरी. त्यावर डेकलची पातळ फिल्म बसली की खळग्याखळग्यांत हवा अडकते आणि उजेडात चित्राभोवती चंदेरी झाक मारते. विमानावर अक्षरं रंगवलेली न वाटता सेलोटेपचे तुकडे लावल्यासारखी वाटतात. म्हणून आधी मंद रंग, त्यावर पारदर्शक चकचकीत वार्निशचा हात, त्यावर डेकल आणि सगळ्यात शेवटी मंद वार्निश. चकाकी तात्पुरती, कामापुरती. आधी विमान खेळण्यासारखं चमकवायचं आणि मग ती चमक मारून टाकायची हे उलटं वाटतं खरं. मलाही तिसऱ्या विमानापर्यंत पटलं नव्हतं.

डेकलच्या बाबतीत धीराची खरी परीक्षा पुढे असते. ती बसवल्यावर वरून मऊ करणारं द्रावण लावतात. मिनिटभरात डेकल सुरकुतते, आक्रसते, मेल्यासारखी दिसते. त्या क्षणी बोट लावलं की खलास. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते, अक्षरशः. अर्ध्या तासानं परत यावं, तर ती रेघांच्या आत उतरून, रिबिटांवर बसून जणू ब्रशानं रंगवलेली. भाचीच्या मुलाच्या विमानावर चंदेरी झाक आलेलीच होती. तिथं आम्ही सुईनं बारीक भोकं पाडली, त्यावर द्रावण सोडलं, असं तीनदा केलं. बरीचशी हवा गेली. डाव्या पंखावरचं वर्तुळ अजून जरा चमकतं.

रंग कुठला द्यावा याबद्दल लेखात ‘आवडेल तो’ लिहिलंय. या छंदातले कडवे लोक त्यावर खवळतील, मी नाही खवळत. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाला ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग द्यायचा हुकूम निघाला, पण तो रंग सगळीकडे वेळेवर पोचला नाही आणि जो तो हाताशी असेल ते मिसळून काम भागवत होता. तेव्हा अमकी छटा बरोबर आणि तमकी चूक यावर वर्षानुवर्षं भांडणाऱ्यांना भांडू द्यावं. पाठीवर तपकिरी आणि हिरव्याचे पट्टे, पोट फिकट, पंख्याची पाती काळी आणि टोकं पिवळी. एवढं साधलं तरी स्पिटफायर ओळखू येते. तिचा लंबगोल पंखच इतका बोलका आहे.

पण एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती लेखात नसली तरी सांगते. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या प्रकारांत पोटाखालचा ऐवज दोन्हीकडे सारखा नसतो. उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर, डाव्याखाली त्याहून लहान ऑइल कूलर. विमान उलटं धरून मी ते चिकटवले आणि उलटं धरल्यावर डावं उजवीकडे येतं हे विसरले. रोग्याचा डावा दात समोर उभ्या माझ्या उजव्या हाताला येतो, हे तेहतीस वर्षं रोज लक्षात ठेवलेली मी! खुर्चीत माणूस असता तर भलताच दात उपटला गेला असता. रंग, वार्निश सगळं झाल्यावर लक्षात आलं. ते विमान तसंच आहे, फडताळात पोट खाली करून.

जाता जाता, लेखाच्या ‘हा मुलांचा खेळ’ या शीर्षकाबद्दल. १९३६ मध्ये ब्रिटनमधल्या ‘फ्रॉग’ या नाममुद्रेनं १/७२ मापाची प्लास्टिकची किटं काढली. उडणारी मॉडेलं ती आधीपासून करत होतीच, म्हणून या न उडणाऱ्यांना नाव दिलं ‘पेंग्विन’. हा विनोद मला फार आवडतो. १/७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, हिशेबाला सोपं. पुढे १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं त्याच मापाची पाच लाख मॉडेलं शाळांतल्या मुलांकडून मागवली. आभाळातलं विमान आपलं की शत्रूचं, हे नुसत्या आकारावरून ओळखायचं शिक्षण सैनिकांना त्यांवरून द्यायचं होतं. म्हणजे मुलांचंच काम, पण पंखाचा कोन चुकला तर भलत्याच विमानावर गोळी चालावी असं. लेखकांनी शीर्षक बदलावं असा माझा आग्रह नाही, मात्र मुलांचं काम म्हणून सूचना सैल द्याव्यात हे पटत नाही. उलट मोठ्या माणसाला चूक उमगते. मुलगा छापलेल्यावर विश्वास ठेवतो आणि विमान खोक्यात घालून खोकं पलंगाखाली सारतो.

आमच्या विमानाचं काय झालं तेही सांगते. काच काढायला गेलो असतो तर पाठ फुटली असती. मग आठवलं, उभ्या असलेल्या विमानांच्या कॉकपिटवर ऊनपावसासाठी कापडी आच्छादन घालतात. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा केला, पांढऱ्या गोंदात पाणी घालून त्यात भिजवला आणि चिमट्यानं काचेवर पांघरला. चुण्या आपोआप पडल्या, आम्ही काही केलं नाही. वाळल्यावर कडक झाला. त्याला मळकट हिरवा रंग दिला. बांधायच्या दोऱ्यांसाठी किटमधले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात, त्या रिकाम्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर दुरून तापवला आणि मऊ पडताच दोन्हीकडून ओढला. केसाएवढी तार निघते. त्याला ती जादू इतकी आवडली की गरज चार दोऱ्यांची असताना त्यानं हातभर तार ओढून ठेवली आणि चौकट संपवली. (मेणबत्तीशी मुलाला एकटं बसवू नये, हेही छापावं.)

आच्छादनाखाली त्याचा अंगठा तसाच आहे. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आता तुमच्या वाचकांनाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत चौकटीत चार ओळी द्याव्यात. काचेला सुपर ग्लू नको, पांढरा गोंद. डेकलआधी चकचकीत वार्निश. जागा उरली तर प्रायमरनंतर मागे जावं लागतं, हेही. मुलानं तुमचा लेख अजून जपून ठेवलाय. त्या दोन ओळींवर मी पेन्सिलीनं काट मारली, तर म्हणाला, पेनानं मार.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त दंतवैद्य