बंड्याबद्दल पोराला नीट सांग

सांगली

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. तू सहज बोलून गेलास. पोरगं मित्रांबरोबर ट्रेकला जातो म्हणतंय, सुट्टीत सांगलीला जाऊन कृष्णेत पोहायला शिकतो म्हणतंय, आणि तू त्याला बंड्याचं नाव सांगून गप्प केलंस. "आमच्यात एक होता असाच, भारी धाडसी. सतराव्या वर्षी गेला." यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही वाक्यं अशी शेजारी शेजारी ठेवलीस तर पोरानं काय समजायचं? बुडाला, नाहीतर कुठनंतरी पडला. वहिनी शेजारीच होत्या म्हणून फोनवर वाद घातला नाही. आता घालतो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

दोष तुला एकट्यालाच नाही. इथं आपल्या गल्लीतही तेच झालंय. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ती मंडळी सांगतात, पुलावरनं उड्या मारायचा, नदीनं नेला. मध्यंतरी घाटावर एक बाई आपल्या पोराला माझ्यादेखत हेच ऐकवत होती. मी म्हटलं, "अहो, तो काविळीनं गेला." तिला ते काही पटलं नाही. गोष्ट म्हणून नदीच बरी बसते, दुसरं काय.

त्याचे वडील, आपले आण्णा, मार्केट यार्डात तोलार होते, हे आधी आठव. दिवसभर हळदीची पोती काट्यावर चढवायची आणि आकडा पुकारायचा. शर्टाच्या बाह्या कायम पिवळ्या. घरीसुद्धा भोपळा हातात घेऊन वजन सांगायचे आणि बंड्या तो भोपळा काखोटीला मारून खरं-खोटं करायला वाण्याच्या दुकानात पळायचा. मोजून बघायची खोड त्याला तिथनं लागली. आपण सगळे त्याच्या उड्या सांगतो, ही खोड कुणी सांगत नाही.

हरिपूरची पेवं आठवतात? वडिलांच्या ओळखीनं तो आपल्याला एका व्यापाऱ्याच्या पेवावर घेऊन गेला होता. पोराला सांगशील तेव्हा पेव म्हणजे काय इथपासनं सांगावं लागेल. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मातीत कोरलेली खोलीएवढी पोकळी, आणि तीत हळद वर्षानुवर्षं राहायची, ओल नाही की कीड नाही. त्या दिवशी तोंडावरची माती बाजूला केली, झाकण काढलं, पण हमाल काही आत उतरेनात. बिड्या ओढत बसले. तू म्हणालास, "आळशी आहेत लेकाचे." बंड्या मात्र त्यांच्यात जाऊन बसला. बऱ्याच वेळानं त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूहळू आत सोडला. आपण पालथे पडून वरनं बघत होतो. ज्योत खाली जाता जाता बारीक झाली, जरा थरथरली आणि गेली. म्हाताऱ्यानं कंदील वर ओढून घेतला आणि पुन्हा बिडी काढली. "आत हवा न्हाई. मानूस बी असाच इझतोय." बंड्यानं विचारलं, "मग कधी उतरायचं?" म्हातारा म्हणाला, "त्यो सांगंल," आणि कंदिलाकडे बोट केलं.

उन्हं कलली तेव्हा कंदील तळाला टेकला तरी जळत राहिला. मग म्हातारा उतरला आणि त्याच्या मागोमाग, कुणाला न विचारता, बंड्या. तू आणि मी वरच. बाहेर आला तेव्हा डोक्यापासनं पायापर्यंत पिवळा, भुवयासुद्धा, जेजुरी करून आल्यासारखा. वडिलांनी यार्डात सगळ्यांदेखत दोन ठेवून दिल्या. तुला तो पिवळा बंड्याच आठवत असणार, सगळ्यांना तोच आठवतो. पण त्याआधी जवळजवळ अख्खी दुपार तो त्या विझलेल्या कंदिलाशेजारी बसून होता. (आता ती पेवं दाखवायची म्हटली तरी अवघड. २००५ च्या पुरात पाणी आत गेलं, हळद कुजली, आणि मग बरीचशी पेवं बंदच पडली.)

नदीचंही तसंच. पोहायला आपण सगळे एकाच डब्यावर शिकलो. डाग देऊन तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, सुतळीनं पाठीला आवळलेला. काखेत वळ उठायचे. डबा सुटल्यावर तू आणि मी काठानं हात मारत राहिलो, बंड्या नदी बघायला लागला. पावसाळ्यात शाळेला जाता-येता घाटावर जायचा, किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचा, आयर्विन पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे बघायचा आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं मांडायचा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आज मोबाईलवर येतं. तेव्हा आपल्या वयाच्या किती पोरांना ठाऊक होतं? कोयनेतनं पाणी सोडल्याचं रेडिओवर ऐकलं की त्या तारखेपुढं नुसतं 'को' लिहायचा आणि इथं पाणी कधी चढतं ते बघत बसायचा. ती वही काकूंनी, त्याच्या आईनं, ट्रंकेत ठेवली होती. पुराचं पाणी ट्रंकेत गेलं, शाईनं सोडवलेली गणितं सगळी पुसली आणि पेन्सिलीचे आकडे तेवढे राहिले. मी डोळ्यांनी पाहिलेत. शेवटच्या पानावर 'नारळ' म्हणून एक यादी आहे. ती कसली, हे काकूंना मी समजावून सांगितलं तेव्हा त्या खूप दिवसांनी हसल्या.

तुलाही माहीत नसेल. पूर आला की बायका कृष्णामाईची ओटी भरायला येतात, नारळ सोडतात. पोरं ते पकडायला टपलेली. बंड्या पकडायचा नाही. नारळ पुलाच्या कोणत्या कमानीखालनं गेला, खांबाजवळ किती वेळ गरागरा फिरला आणि खाली कुठं काठाला लागला, एवढंच बघत काठानं पळायचा. फुकटात प्रयोग चाललेत, बघायला काय जातंय, म्हणायचा. खांबाला खेटून गेलेला नारळ भोवऱ्यात अडकतो, कमानीच्या मधोमध पडलेला सरळ निघून जातो आणि एका ठरावीक वळणाला आपोआप काठाकडं येतो, हे त्यानं आठवी-नववीतच शोधून काढलं होतं. आणि हो, शेवटी काठाला लागलेला नारळ फोडून खायचाही. देवीचं वाया कशाला घालवायचं.

आता उडीचं. नववीतल्या पावसाळ्यात पुलावर ही गर्दी. मोठी पोरं धडाधड सूर मारत होती, लोक टाळ्या वाजवत होते. बंड्यानं सदरा काढून तुझ्या हातात दिला होता. कठड्यावर चढला, वरच्या अंगाला बघितलं आणि तसाच उभा राहिला. खालनं शिट्ट्या. तू ओरडलास, "मार की लगा!" पाण्यात वरनं बाभळीचं अख्खं झाड मुळासकट येत होतं, त्याच्या मागं आणखी काय काय. पाणी कालच्यापेक्षा लाल होतं. बंड्या कठड्यावरनं उतरला, तुझ्या हातातला सदरा घेतला, बटणं लावली. "आज न्हाई." एवढंच बोलला. लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. एकानं तर बांगड्या भर म्हणून सांगितलं. तो भेळेच्या गाडीवर जाऊन उभा राहिला आणि भडंगात जादा कांदा घालून घेतला. त्याच दिवशी त्याच्यानंतर ज्यानं उडी मारली त्याला ओंडका लागला आणि नावाड्यांनी बऱ्याच खाली जाऊन बाहेर काढला. बंड्यानं त्यावर शब्द काढला नाही. 'बघितलंस?' असंसुद्धा म्हणाला नाही. माझ्याकडनं तरी तेवढं झालं नसतं.

मला विचारशील तर त्याचं सगळ्यात मोठं धाडस ते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं अख्ख्या पुलादेखत सदरा परत अंगात घालायचा म्हणजे काय, हे तू आणि मी जाणतो.

पुढल्या वर्षी मारली. पाणी निवळायला लागलं होतं, इशाऱ्याच्या बरंच खाली, बघायला आपण सोडून कुणी नाही. कमानीच्या मध्यावर, उभी उडी, हात अंगाला चिकटवून. खाली गेला तो बराच वेळ वर येईना आणि तुझा चेहरा पांढरा पडला. मग पार पुढं डोकं दिसलं. हातपाय झाडत नव्हता, पाण्याबरोबर नुसता तिरका तिरका काठाकडं सरकत होता. नारळ जिथं लागायचे तिथंच लागला. तिथं नेमका हवालदार उभा! कान पिरगाळून त्यानं विचारलं, "पुन्हा मारशील?" बंड्या म्हणाला, "पाणी बघून सांगतो."

बाकीच्या उचापती तुला तोंडपाठ आहेत. मिरज-पंढरपूरची ती छोटी रेल्वेगाडी, चढाला लागली की खाली उतरून तिच्याबरोबर चालायचं. तासावर भाड्यानं घेतलेल्या सायकली हाणत दंडोबाच्या डोंगरावर जाणं आणि देवळाच्या मागच्या त्या खोदलेल्या अंधाऱ्या प्रदक्षिणेत आपल्याला घाबरवणं. ते पोराला सांगितलं असशीलच.

पण तुरुंगाचं सांगितलंस का? २४ जुलै १९४३, वसंतदादा आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरनं खंदकात उड्या टाकल्या. पाठीमागं गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. आपल्याला इतिहासाच्या गुरुजींनी सांगितलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. बंड्यानं शाळा सुटल्यावर राजवाड्याकडनं नदीपर्यंत पावलं मोजली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरला, त्या दिवशी पाणी किती होतं, खंदकात चिखल होता का, कोण कुठल्या अंगाला पळालं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. वैतागून म्हणाला, आता दादांनाच विचारतो. १ मार्च १९८९ ला दादा गेले. दहावीची परीक्षा तोंडावर होती, सगळी सांगली रस्त्यावर आली होती, आणि हा माझ्याशेजारी गर्दीत उभा राहून रडत होता. मला वाटलं सगळे रडतायत म्हणून रडतोय. म्हणाला, "विचारायचं राहिलं लगा."

त्यानंतर दीड वर्षच. १९९० चा पावसाळा, बारावीचं वर्ष. तू तेव्हा पुण्याला गेला होतास म्हणून हे तुला नीट माहीत नाही. आधी ताप, मग जेवण जाईना, मग डोळे पिवळे. घरच्यांनी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं नेलं. तेव्हा सगळेच नेत होते, आमच्या घरातलेही. पथ्य, कसला तरी रस, आणि आठ दिवसांत उतरेल म्हणून भरवसा. बंड्या मला म्हणाला, "रक्त तपासलं तर आकडा कळतोय म्हणं. आण्णांना सांग की." मी सांगितलं. आण्णा म्हणाले, डॉक्टरकडं काविळीला औषध नसतं. मिरजेला हलवला तोवर तो भलतंच बरळत होता. तिथल्या लोकांनी हात टेकले नाहीत, रात्रंदिवस खपले, पण उशीर झाला होता. आण्णांनी पुढं यार्ड सोडला. काटा बघवत नाही म्हणायचे.

म्हणजे बघ, ज्या एका गोष्टीत त्याला स्वतःला मोजून बघू दिलं नाही, तिच्यात तो गेला. पुलावर नाही, पेवात नाही, दंडोबावर नाही. खाटेवर, घरातल्या सगळ्यांच्या देखरेखीखाली. हे तुझ्या पोराला सांगायला जड जाईल, मला मान्य आहे. पण त्याचं नाव घ्यायचंच तर एवढं तरी घे.

आता पोहण्याचं. नदी तेव्हाची राहिली नाही. पाणी घाण होतं, मासे मरून वर येतात, आणि मगरी दिसायला लागल्यात. भिलवडी-औदुंबराकडं तर लोक सांजसकाळ जपूनच पाण्याजवळ जातात. २०१९ ला पाणी पुलाजवळ ५७ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा माझ्या घरात पंख्यापर्यंत होतं, त्यामुळं नदीचं कौतुक मला शिकवू नकोस. पुरात त्याला मी पाण्याच्या आसपास फिरकू देणार नाही. पण उन्हाळ्यात पाठव. आधी पोहण्याच्या तलावावर डबा सोडायला शिकू दे (हल्ली फोमची पट्टी असते, काखेत वळ उठत नाहीत). मग सकाळी नियमानं पोहणारी जाणती मंडळी आहेत घाटावर, त्यांच्यात नेतो. पाणी बरं नसेल त्या दिवशी ती मंडळी पायरीवर बसून गप्पा मारतात आणि घरी जातात. हेही त्यानं बघायला पाहिजे.

ट्रेकचं तुझं तू ठरव. मला विचारलंस तर सोबत कोण आहे, वाट कुणाला माहीत आहे, पाणी कुठं मिळतं आणि परत कधी यायचं, एवढं त्यालाच कागदावर लिहून दाखवायला सांग. लिहून आणलं तर जाऊ दे.

काकू आता थोरल्या लेकीकडं असतात, तब्येत ठीक आहे. तू आलास की जाऊन येऊ, तुझी नेहमी विचारपूस करतात. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग, भडंग पाठवलंय, या खेपेला लसूण कमी आहे. पोराच्या सुट्टीच्या तारखा कळव, म्हणजे मला यार्डातली कामं पुढं-मागं करता येतील.

तुझाच,
गल्लीतला