नावं न कळलेल्यांचे आभार

पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेत सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग होतो, तेव्हा तो पहिल्या नजरेत रक्ताची गुठळी वाटू शकतो. म्हणून आधी आभार, सीटीवर थांबून पाहणाऱ्या डोळ्यांचे. साधी गुठळी कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीसाठी शिरेतून दिलेलं उजळवणारं औषध, घेत नाही. ही गाठ घेते, शीर फुगवते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तसूभरही विरघळत नाही. हा फरक वेळीच दिसणं फार मोलाचं!

बायोप्सीचे सुतासारखे तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये सोडणाऱ्या, स्नायूपेशींची खूण असलेल्या डेस्मिन या प्रथिनाचे रंग चढवणाऱ्या तंत्रज्ञांचेही आभार. गाठ स्नायूपेशींची, हे तिथंच ठरतं.

आणि अनोळखी रक्तदात्यांनो, शिरेचा तुकडा कापून कृत्रिम नळी शिवताना टाका निसटला तर रक्त झरझर जातं. तेव्हा फ्रिजमधून निघते ती तुमचीच पिशवी.