सूचना : नवशिक्यांचा योगवर्ग सोमवारपासून

सभासदहो,
येत्या सोमवारपासून रोज सकाळी ६ ते ७ आपल्या नेहमीच्या सभागृहात नवशिक्यांसाठी योगवर्ग आहे. आजवर एकही आसन केलं नसेल, तर जरूर या.

• उपाशीपोटी या; घोटभर पाणी चालेल.
• सैल कपडे, न घसरणारी चटई.
• उच्च रक्तदाब, काचबिंदू, पाठदुखी किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, शिक्षकांनाही सांगा. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं, अगदी अधोमुख श्वानासनही (हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलण्याचं आसन), करू नयेत.

पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून बसून पुढे वाकताना) हात पायांच्या अंगठ्यापर्यंत पोहोचत नसतील तर गुडघे खुशाल वाकवा. शेजारच्याकडे बघून ओढाताण नको. श्वास अडखळला की तिथेच थांबा. आणि कृपया, शवासन (शेवटी उताणं पडून घ्यायची विश्रांती) अर्धवट सोडून चटई गुंडाळू नका.