काकू, ते वहीचं पान जपून ठेवा

काकू, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, मग माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून सरळ लिहूनच काढतेय, तुमचा मुलगा वाचून दाखवेल तुम्हाला. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण ज्यांनी आम्हाला फिरवलं त्यांच्याबद्दल मी गेले चार महिने भेटेल त्याला सांगत सुटले होते, मग तुमच्याबद्दलही सगळ्यांना कळायला हवं ना.

तुमच्याकडून विकत घेतलेल्या घरात राहायला येऊन आज बारा दिवस झाले. अजून तोंडात "काकूंचं घर" असंच येतं.

तुम्हाला आमची परिस्थिती माहीत होती तरी सांगते. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागल्यापासून डोंबिवली वेस्टच्या वन बीएचकेत आम्ही पाच जण. नवऱ्याचं ऑफिस किचनच्या ओट्याशेजारी, माझं बेडवर, दोन्ही मुलांच्या ऑनलाइन शाळा हॉलच्या दोन कोपऱ्यांत, आणि सासूबाई टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून नुसती चित्रं बघत बसायच्या, कारण आवाज केला की तो कुणाच्या तरी मीटिंगमध्ये जायचा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, मी गावाला जाऊन राहते थोडे दिवस, तुमची अडचण होते. त्या रात्री ठरवलं, मोठं घर घ्यायचंच.

सगळे वेड्यात काढत होते. मंदीत कुणी घर विकतं का, पडेल भावाने जाईल, थांबा वर्षभर. खरं तर डोंबिवलीत भाव नोटाबंदीनंतरच हलत नव्हते, कोरोनाने अजून खाली आणले. पण आम्ही कागदावर मांडून बघितलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचे 42 लाख येत होते तेव्हा तुमच्यासारख्या टू बीएचकेला 70 सांगायचे, म्हणजे वरचे 28 घालायचे. आता आमचे 37 येणार आणि टू बीएचके 62 ला मिळणार, म्हणजे 25. आमचं स्वस्तात गेलं तरी मोठं घर त्याहून जास्त उतरलंय, मग नुकसान कुठे? त्यात होम लोन सात टक्क्यांच्या आसपास आलेलं आणि 1 सप्टेंबर 2020 पासून सरकारने स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केलेली, तीही 31 डिसेंबरपर्यंतच, नंतर सवलत दोनच टक्के. 62 लाखांवर तीन टक्के म्हणजे 1 लाख 86 हजार. आमच्यासारख्यांना ही रक्कम छोटी नाही हो.

हिशोब बरोबर होता, माणसं चुकीची भेटली. पहिल्या घरमालकाने आमच्याकडून टोकन घेतलं, हसून पेढा दिला, आणि सोळाव्या दिवशी एजंटकडून निरोप की दुसरी पार्टी जास्त देतेय, आणि हो, तुम्हाला हवंच असेल तर आठ लाख कॅशमध्ये द्या. स्वतः फोन उचलायचीही हिंमत नाही झाली त्यांची. टोकन परत मिळवायला दीड महिना घातला आणि एजंट वर आम्हालाच म्हणाला, वहिनी, मार्केटमध्ये असंच चालतं. मला अजून ते वाक्य आठवलं की राग येतो. मंदीचा फायदा घ्यायचा, घ्या, पण दिलेला शब्द तरी पाळा.

मग तुम्ही भेटलात. पहिल्याच दिवशी म्हणालात, सगळे पैसे चेकने, मला कॅश नको, या वयात कुठे ठेवू. 62 सांगितले ते 62 च.

आणि नंतर आमच्याकडूनच घोळ झाला. आमचं घर घेणाऱ्या मुलाचा पगार लॉकडाऊनमध्ये कापला गेलेला, बँकेने त्याचं लोन नाकारलं, तो मागे हटला. त्याच्यावर मी चिडूही शकले नाही, तो फोनवर रडत होता. पण आमचं घर विकल्याशिवाय तुमचे पैसे कुठून आणायचे? तुम्हाला दिलेली तारीख 20 नोव्हेंबर, आणि हातात आठवडा. आम्ही दोघं मास्क लावून तुमच्या दारात आलो ते टोकन गेलं असं समजूनच. जिन्यात नवरा म्हणाला, तू बोल, मला नाही जमणार.

मी सगळं सांगितलं. तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. उठून आतून ती लाल पुठ्ठ्याची लांब वही आणलीत, दुधाचा हिशोब असतो ती. एका पानावर वर दुधाचे लिटर, खाली पेपरवाल्याचे पैसे आणि त्याच्या खाली आमचं आडनाव, 62, आणि 20 नोव्हेंबर. तुम्ही चष्मा लावलात, 20 नोव्हेंबरवर एक सरळ रेघ मारलीत आणि बाजूला लिहिलंत 31 डिसेंबर. वही माझ्याकडे फिरवून विचारलंत, "चालेल ना? म्हणजे तुमचे ड्युटीचेही वाचतील." 62 च्या आकड्याला हात नाही लावलात. मग म्हणालात, बसा, चहा टाकते.

काकू, मी त्या खुर्चीत रडले ते तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही ओट्याशी होतात.

नंतर मला खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून कळलं की त्याच महिन्यात एक जण तुम्हाला 64 देत होता आणि तुम्ही त्याला तेच वहीचं पान दाखवून परत पाठवलंत. दोन लाख! आणि तुम्ही आम्हाला याबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत, रजिस्ट्रेशनच्या दिवशी त्या गर्दीत अडीच तास माझ्याशेजारी बसलात तेव्हाही नाही. तेव्हा तुम्ही मला फक्त तुमच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा ते समजावत होतात.

चांगली माणसं राहिली नाहीत असं आपण उठसूट म्हणतो, मीही म्हणायचे. पण आमचं घर शेवटी ज्या जोडप्याने घेतलं त्यांनाही मी तारखेचे आठ दिवस वाढवून दिले, नवरा म्हणाला अगं आपल्यालाच घाई आहे, पण तुमच्याकडून घेऊन मग दुसऱ्याला नाही कसं म्हणणार?

सासूबाईंची खोली तुमची देवघराशेजारची. आता टीव्ही आवाजासकट चालू असतो, दुपारभर. तुमच्या नावाची दोन पत्रं आली आहेत, एक पेन्शनचं दिसतंय, मुलाचा पत्ता पाठवलात की कुरिअर करते. व्हॉल्व्ह डावीकडे फिरवायचा, लक्षात आहे.

आणि ती वही संपली म्हणून रद्दीत घालू नका हं. त्या पानाचा एक फोटो काढून पाठवायला सांगा मुलाला.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची