तिथीची पाऊणपट लिहून घेणाऱ्या तांडेलांस

आदरणीय तांडेल यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्याला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मी मराठीतच लिहायला घेतले आहे. इंग्रजीत आभार मानायला बसले की दुकानदाराने सुटे पैसे परत दिल्यावर तोंडातून निघतात तेच दोन शब्द पुन्हा हाती लागतात, आणि त्या दोन शब्दांत आपले ऋण मावत नाही. शिवाय ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न येथील मराठी घरांतून अलीकडे स्वतः शिडाची बोट हाकत हिंडण्याच्या सहलींचे बेत आखले जाऊ लागले आहेत. त्यांपैकी कोणाच्या हाती हे पत्र पडले तर मला आनंदच होईल. इंग्रजी करून मी ते आपल्याला फोनवर वाचून दाखवणार आहेच. आपण बोटी भाड्याने देणारे, पण 'तांडेल' ही पदवी माझ्या आईने आपल्याला पहिल्याच दिवशी बहाल केली. कोकणात गलबताच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, आणि आईच्या लेखी याहून मोठा मान नाही, कारण तिचे वडील विजयदुर्गाच्या एका फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते.

आमचा बेत तसा साधा होता. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत, मुख्य भूमी आणि ग्रेट बॅरियर रीफ यांच्या दरम्यान विखुरलेल्या व्हिटसंडेच्या ७४ बेटांत, शाळेच्या सप्टेंबरच्या सुट्टीत सात दिवस शिडाच्या बोटीने निवांत हिंडायचे, आणि तेही बेअरबोट, म्हणजे कप्तान-खलाशांविना नुसती बोट भाड्याने घेऊन ती स्वतः हाकायची. तिथे यासाठी परवाना लागत नाही. बोट देणारी मंडळी आपला अनुभव विचारतात, काही तास शिकवतात आणि बोट ताब्यात देतात. माझे यजमान गेली तीन वर्षे ब्रिस्बेनजवळच्या मोरेटन बेमध्ये लहान शिडाच्या बोटी चालवीत आहेत, मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, पण बेताचे खरे निमित्त होती चार महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली माझी एकाहत्तर वर्षांची आई. लहानपणी एकदा वडिलांच्या फत्तेमारीतून, लाकडांच्या राशीवर बसून, ती विजयदुर्गाहून मुंबईपर्यंत गेली होती. ती गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली आहे की आता माझ्या मुलांनाही ती शब्दशः पाठ आहे. त्यानंतर साठ वर्षांत तिला शिडाच्या बोटीत पाऊल ठेवायला मिळाले नव्हते.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका कंपनीकडे गेलो होतो. तिचे नाव मी लिहीत नाही, पण तिथे घडले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. आईचे वय ऐकताच तिथल्या तरुण गृहस्थांनी, तिच्या समक्ष, तिच्याकडे न पाहता, "त्यांना हॉटेलात ठेवा, त्या तिथे अधिक सुखात राहतील," असे सांगितले आणि हॉटेलचे रंगीत पत्रक माझ्या हातात दिले. आमच्यासाठी त्यांनी जो कार्यक्रम छापून दिला त्यात सात दिवसांत नऊ ठिकाणे होती. त्या आठवड्यात वारा कुठून असतो आणि या ठिकाणी रात्री बोट किती हलेल, असे मी लेखी विचारले, तर उत्तरादाखल समुद्रकिनाऱ्याचे एक छायाचित्र आले. अनामत रकमेसाठी मात्र चार वेळा फोन आला. ओळखीतल्या एक बाई तर हसून म्हणाल्या की आजी लुगडे सावरतील की दोर. आणि मी स्वतःही काही निराळी नव्हते. त्या दोन दिवसांत मी हॉटेलांचे दर चाळून पाहिले होते, हे आज इथे कबूल करते. आईने ते पाहिले होते, असे नंतर मुलीकडून कळले.

एअरली बीचच्या धक्क्यावर आपली प्रथम भेट झाली तेव्हा तोच छापील कार्यक्रम आम्ही आपल्यापुढे ठेवला, कारण आमच्याकडे दुसरा नव्हता. आपण तो वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि एकेकाला विचारले की या सात दिवसांत तुला काय हवे आहे. मुलाला कासवे पाहायची होती, मुलीला बोटीच्या नाकाडावर बसून पुस्तक वाचायचे होते, यजमानांना यंत्र बंद करून शिडे उभारायची होती आणि मला झोप हवी होती. शेवटी आपण आईकडे वळलात. तिने माझ्याकडे पाहून मराठीत सांगितले, "मला काही नको, मी आपली एका कडेला बसून राहीन." मी ते भाषांतर करून सांगितल्यावर आपण एवढेच म्हणालात की बोटीवर कडेला बसून राहण्याची जागाच नसते, प्रत्येकाला काहीतरी काम असते.

त्यानंतर आपण नकाशा उलगडला आणि आमचा बेत पेन्सिलीने हलका करायला घेतला. नऊ ठिकाणांची पाच झाली. सिड हार्बर या नांगर टाकण्याच्या जागेसमोर आम्ही 'पोहणे' असे लिहिले होते, ते आपण खोडले, कारण २०१८ साली तिथे शार्कचे हल्ले झाल्यापासून त्या पाण्यात उतरू नये असेच सर्वांना सांगितले जाते. दुपारी चारच्या आत नांगर पडलाच पाहिजे हा नियम सांगताना आपण तो धाक म्हणून सांगितला नाही, त्यामुळे चहाला वेळ मिळतो असे म्हणालात. दुसऱ्याच दिवशी सॉलवे पॅसेज या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेने व्हाइटहेवनच्या किनाऱ्याला जाण्याच्या आमच्या बेतावर मात्र आपली पेन्सिल थबकली. तिथे भरतीचे पाणी दक्षिणेकडे धावते आणि वारा बहुधा आग्नेयेकडून येतो. दोघे समोरासमोर आले की त्या चिंचोळ्या वाटेत लाटा उभ्या राहतात, हे आपण यजमानांना समजावीत होतात.

नेमके त्याच वेळी आई मध्येच बोलली. तिला इंग्रजी फारसे कळत नाही, पण आपली बोटे नकाशावर कुठून कुठे फिरत होती ते ती पाहत होती. ती म्हणाली, "उद्या तृतीया आहे, उधाणाचे पाणी अजून ओसरलेले नाही. हे सप्तमी-अष्टमीवर ढकला, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, पाणी ओढत नाही." नवरात्र चालू असल्याने तिथी तिच्या जिभेवरच होती. मला संकोच वाटला. धंद्यातल्या माणसासमोर आईने काहीतरी बोलावे आणि आपण त्याचे भाषांतर करावे, याचा जो संकोच परदेशात राहणाऱ्या मुलींना वाटतो, तोच. मी ते निम्मेच सांगितले. आपण उरलेले निम्मेही विचारून घेतले.

मग आपण भरती-ओहोटीच्या तक्त्याची पुस्तिका काढली, आईच्या सप्तमी-अष्टमीच्या तारखांवर बोट ठेवले आणि काही क्षण गप्प बसलात, कारण त्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या उंचीतील अंतर त्या आठवड्यात सर्वांत कमी होते. तिला हे कसे कळले असे आपण विचारलेत, आणि आईने बोटांच्या पेरांवर मोजून तिच्या वडिलांचा हिशोब सांगितला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब कोकणच्या किनाऱ्याचा, त्यामुळे आपल्या तक्त्याशी घड्याळ जुळेना. आपण पाच-सहा दिवसांच्या वेळा शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या आणि दोहोंतला फरक रोज जवळपास तेवढाच येतो हे आईला दाखवले. आणि मग आपण जे केले त्यासाठी हे सारे पत्र आहे. आपण स्वतःची जुनी, पाण्याने फुगलेली वही उघडली, पेन्सिलीला टोक केले आणि आईचा हिशोब तिच्याकडून पुन्हा एकदा विचारून त्या वहीत उतरवून घेतला. 'तिथी' हा शब्द कसा लिहायचा तेही विचारलेत.

आमचे कौतुक करायचे म्हणून लोक पुष्कळ काही करतात. नमस्कार करतात, हळदीच्या दुधाबद्दल बोलतात, आईच्या साडीचे छायाचित्र काढतात. त्यामागे वाईट हेतू नसतो, पण आई तेव्हा शोभेची वस्तू होऊन बसते. आपण तिचे वाक्य तक्त्याशी ताडून पाहिले, त्यातली चूक दाखवली, त्यातले खरे टिपून घेतले, म्हणजे आपल्या बरोबरीच्या खलाशाशी वागावे तसे तिच्याशी वागलात. वही मिटल्यावर आपण तिला सांगितले की १७७० च्या जूनमध्ये या बेटांमधल्या समुद्रवाटेने जाताना कॅप्टन कुकने 'व्हिटसंडे' या ख्रिस्ती सणाच्या रविवारवरून त्या वाटेला नाव दिले खरे, पण आजच्या तारीख-रेषेच्या हिशोबाने तिथे तेव्हा सोमवार होता. आई खळखळून हसली. ते हसू मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. तक्त्याची पुस्तिका आपण तिच्या हातात दिलीत आणि रोज नांगर टाकण्याआधी पाणी किती चढणार ते ती सांगेल, कारण त्यावरूनच साखळी किती सोडायची ते ठरेल, असे यजमानांना बजावलेत.

पुढचे सात दिवस मी थोडक्यातच सांगते. पहिली रात्र आम्ही हुक बेटावरच्या नारा इनलेटमध्ये काढली, दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे तिथले पाणी तळ्यासारखे होते. वरच्या गुहेत न्गारो या तिथल्या मूळ रहिवाशांनी काढलेली चित्रे आहेत आणि त्या जागी सुमारे ९,००० वर्षांपासून माणसाचा वावर आहे, हे फलकावर वाचून मुलगा बराच वेळ गप्प राहिला. आईला बोट अजिबात लागली नाही. आलेपाकाच्या वड्या तिने आणल्या होत्या तिच्यासाठी, खाव्या लागल्या मला. हलत्या शेगडीवर तिने साबुदाण्याची खिचडी केली. व्हाइटहेवनला आम्ही सप्तमीला गेलो आणि सॉलवे पॅसेज आपण आणि आईने सांगितल्याप्रमाणे सुस्त होता. तिथली सुमारे सात किलोमीटरची पांढरी वाळू मुठीत घेऊन आई म्हणाली की ही तर रांगोळीच आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातली वाळू चिमूटभरही नेता येत नाही हे कळल्यावर ती थोडी नाराज झाली.

एक गोष्ट आपल्यापासून लपवलेली होती, ती आता सांगते. लँगफर्ड बेटापाशी ओहोटीत उघडा पडणारा वाळूचा लांबलचक दांडा आहे, तिथे आम्ही छोटी होडी लावून उतरलो. निघायची वेळ झाली तेव्हा आईने तक्ता न पाहता, पाऊणपटीच्या जोरावर, अजून तासभर पाणी आहे असे ठणकावून सांगितले. अर्ध्या तासात होडी कोरडी पडली आणि आम्ही चौघांनी ती पाण्यापर्यंत ओढत नेली. मुलाला मात्र तेवढ्या वेळात दोन कासवे दिसली. त्या संध्याकाळच्या रेडिओवर आपण नेहमीप्रमाणे आमची खुशाली विचारलीत आणि आजीबाईंचा हिशोब कसा काय चालला आहे असेही विचारलेत, तेव्हा यजमानांनी "उत्तम" असे उत्तर दिले. आईने मागून "तक्ता बघायला हवा होता म्हणून सांग" असे सुचवले होते. ते त्यांनी सांगितले नाही.

निवांत सहल म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला होता. कोणत्या महिन्यात वारा कमी, कोणत्या बोटीला खोल्या किती, रोजचे भाडे काय, हे सारे मी वहीत तक्ते करून मांडले होते, आणि त्यातले काही चुकीचेही नव्हते. पण त्या तक्त्यांत आईच्या नावापुढे फक्त औषधांच्या वेळा होत्या. तिथे काम लिहिलेत ते आपण. जाणकार माणसे जगात कमी नाहीत. समोरच्यालाही काही येत असेल अशा समजुतीने पेन्सिल हातात घेणारी फार थोडी भेटतात, आणि ती बहुधा बंदरावर, दवाखान्याच्या खिडकीशी, एसटीच्या चौकशी खिडकीमागे अशाच ठिकाणी, कोणाच्या लक्षात न येता आपले काम करीत असतात. आमच्यासाठी आपण जो वेळ घालवला त्याचे वेगळे पैसे आपण घेतले नाहीत, आणि ते विचारल्यावर रागावलात, याचीही इथे नोंद करते.

आई नोव्हेंबरमध्ये विजयदुर्गाला परतली. आपण दिलेली पुस्तिका तिने तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर, 'कालनिर्णय'च्या शेजारी, खिळ्याला अडकवली आहे. त्या वर्षाचा तक्ता आता संपला आहे हे तिला ठाऊक आहे, तरी ती ती काढू देत नाही.

तिचा आपल्यासाठी एक निरोप आहे, तो जसाच्या तसा देते. पाऊणपट केल्यावर निघते ती पूर्ण भरतीची वेळ, ओहोटीची नव्हे. लिहिताना घाईत आपण उलटे लिहिले असेल तर वहीत दुरुस्त करून घ्यावे. आणि पौर्णिमेला आपल्या धक्क्यावर पाणी किती वाजता भरते ते एकदा घड्याळ लावून पाहून कळवावे, म्हणजे दोन्हीकडचा फरक तिलाही तिच्या वहीत लिहून ठेवता येईल.

आपली कृतज्ञ,
आईचे बोलणे निम्मेच सांगणारी तिची मुलगी