बेसूर व्हायची सोय

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

मी पाठवलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या फाइलवरचा "अर्धी फाइल ऐकली, फ्रिज बिघडल्यासारखा वाटला," हा तुझा शेरा मी ते संगीत करणाऱ्यांना कळवणार आहे. त्याखालचा 'हे संगीत की नुसता आवाज?' हा प्रश्न मात्र टिंगलीवारी नेण्यासारखा नाही.

आणि हे तू मिरजेत बसून विचारतोस! तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजन, काढताना तू कितीदा बघितलं आहेस. घोडी घासायची, तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी तार बोथट, मिटलेली वाजते. जरा सरकवला की खर्जातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. सिंथेसायझर या विजेवर स्वर घडवणाऱ्या यंत्राच्या फिल्टरचा नॉब फिरवला की तेच होतं, एका स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून पुढे येतात. तेव्हा वीज आली म्हणून संगीत संपलं, असं म्हणता यायचं नाही. शिवाय पहाटे रियाजाला तू जो तानपुरा लावतोस तो इलेक्ट्रॉनिक डबीतलाच की!

कच्च्या मालावरूनही ठरत नाही. पियेर शेफर या फ्रेंच संगीतकाराने १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात रेल्वे इंजिनांचे आवाज टिपले. हाताशी टेप नव्हती, तबकड्याच होत्या. तबकडीची खाच गोल बंद केली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. अशी भकभक जुळवून त्याने रचना केली. आणि परदेशी फॅड म्हणून झटकू नकोस. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने 'मूग' नावाचा सिंथेसायझर बसला होता. आपल्याच लोकांनी त्यावर केलेलं काम टेपांवर पडून राहिलं, २०२३ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आलं.

मी आजकाल एकच बघतो: पुढचा आवाज चुकू शकतो का? निव्वळ यमनात शुद्ध मध्यम लागला तर सवाईच्या मंडपात भारतीय बैठकीपर्यंत माना वळतात. मध्यंतरी एरंडवण्यात एका छोट्या हॉलमध्ये दोघांचा कार्यक्रम ऐकला. पहिला लॅपटॉप घेऊन बसला आणि कान किटेपर्यंत खरखर केली. कुठलाही नॉब कुठेही फिरवला असता तरी काही बिघडलं नसतं. वेळ संपली म्हणून थांबला, एवढंच. नंतरच्या मुलीकडे एक मायक्रोफोन आणि त्याचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी शीळ, बाकी काही नाही. मध्येच एक खालचा स्वर तिच्याकडून लवकर आला. शेजारचे काका चुळबुळले, मीही. मग तिने तोच स्वर फिरून फिरून आणला, प्रत्येक वेळी जरा उशिरा, आणि शेवटी त्याची जागा करून दाखवली. दाद द्यावी की नाही हे हॉलमध्ये कुणाला कळेना, तो भाग वेगळा.

पण माझं हे माप अल्विन लुसिए या अमेरिकी संगीतकारापाशी अडखळतं. १९६९ मध्ये त्याने खोलीत बसून एक मजकूर वाचला, रेकॉर्ड केला, त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केला, असं करत गेला. दर फेरीत खोलीला मानवणारे स्वर फुगतात, बाकीचे विरतात. मी घरी करून पाहिलं, वाचायला सोसायटीची पाणीकपातीची नोटीस घेतली! आधी 'ट', 'क' पुसट झाले, मग शब्दांची नुसती लय उरली, मग 'सचिव' वगैरे सगळे एका घुमाऱ्यात गेले. मजा आली. पण तो प्रयोगच राहिला. लुसिए बोलताना अडखळायचा, आणि भौतिकशास्त्र दाखवण्यापेक्षा बोलण्यातले खाचखळगे बुजवणं हा आपला हेतू आहे, असं तो त्या मजकुरातच सांगतो. म्हणजे खोली जे पुसते आहे ते त्याचं स्वतःचं आहे. वाजवणारा कुणी नाही, चुकायला कुणी नाही, तरी दुसरा मजकूर तिथे चालला नसता. म्हणजे चूक निवडीतही होऊ शकते, असं म्हणून मी माझं माप तूर्त वाचवलं आहे. पटत नसेल तर भांड.

एक काम कर. तुमच्या गल्लीतल्या कारखान्यात जवारी काढताना फोन जवळ ठेवून पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्ड कर. मध्ये बोलू नकोस, चहा मागवू नकोस. त्यावर काही जमतं का बघतो. तुला पाठवीन, तेव्हा जिथे घसरलं असं वाटेल तिथलं मिनिट लिहून कळव. डिसेंबरात सवाईला येशीलच, मुक्काम इकडेच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध